ठिबकचं पाणी परत येत नाही, रक्त येतं

प्रश्न चोपडा तालुक्यातल्या एका केळी उत्पादकाचा आहे. थोडक्यात असा: शरीर म्हणजे ठिबक सिंचन, हृदय म्हणजे मोटर, मोठ्या नसा म्हणजे मेन आणि सबमेन, बारीक नसा म्हणजे झाडापर्यंत जाणाऱ्या लॅटरल नळ्या असं धरलं, तर टोकाला जाऊन रक्त झिरपून संपतं का? संपत नसेल तर पायातलं रक्त वर कसं चढतं, खाली तर दुसरी मोटर नाही? आईचे पाय संध्याकाळी सुजतात आणि वडिलांना खाटेवरून उठताना अंधारी येते, त्याचा याच्याशी काही संबंध? आणि शेतात कुणाला साप चावला किंवा कोयता लागला, तर वरच्या बाजूला आवळून बांधायचं का?

चारही प्रश्नांची उत्तरं रक्ताच्या परतीच्या वाटेवर सापडतात. शाळेत आपण हृदयाचे कप्पे पाठ करतो, जाणाऱ्या नळ्यांची नावं पाठ करतो आणि परतीचा प्रवास एका ओळीत उरकतो. दवाखान्यात येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच मात्र त्या एका ओळीतल्या असतात.

आधी ठिबकची उपमा पाहू. अर्ध्या रस्त्यापर्यंत ती उत्तम चालते. हृदयातून निघणारी महाधमनी अंगठ्याएवढी जाड, साधारण अडीच सेंटिमीटर. तिला फाटे फुटत फुटत शेवटी केशवाहिन्या येतात, त्यांची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी किंवा त्याहूनही कमी. दाबाचा हिशेब मात्र वेगळा. केळीच्या ठिबकला आपण साधारण 1 किलोचा दाब धरतो, म्हणजे दहा मीटर पाण्याचा स्तंभ. हृदयाचा वरचा दाब 120 मिलिमीटर पारा. पाण्यात मोजला तर 1.6 मीटर, किलोत मोजला तर एक-षष्ठांश किलो. आणि मोटर किती वॅटची? विश्रांतीत असलेल्या माणसाचं डावं हृदय रक्त ढकलायला जेमतेम एक-सव्वा वॅट खर्च करतं. विहिरीवरच्या पाच एचपीच्या पंपाला सुमारे 3,700 वॅट लागतात. इतक्या कमी दाबावर आणि ताकदीवर हे भागतं, कारण पाणी उपसून टाकायचं नसतं, आहे तेच फिरवायचं असतं.

उपमा मोडते ती इथेच. पण तुमची शंका खुळचट नाही. दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या वैद्याचं मत जवळजवळ हेच होतं: अन्नापासून यकृतात रक्त तयार होतं, शिरांतून अंगभर पसरतं आणि जमिनीत पाणी मुरावं तसं मुरतं. युरोपात हे मत सुमारे चौदाशे वर्षं चाललं. 1628 मध्ये विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने ते मोडलं, तेही मुख्यतः तोंडी हिशेबाने. आजच्या आकड्यांनी तो हिशेब असा: हृदय एका ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर रक्त बाहेर टाकतं. मिनिटाला 72 ठोके, म्हणजे पाच लिटर. तासाला 300 लिटर. दिवसाला 7,200 लिटर, पाच हजारी टँकर जवळपास दीड. आणि अंगात रक्त किती? किलोमागे साधारण 70 मिलिलिटर, म्हणजे 60 किलोच्या माणसात सव्वाचार लिटर. एवढ्याशा साठ्यातून दिवसाला दीड टँकर निघायचा, तर तेच रक्त दर मिनिटाला परत आलं पाहिजे. दुसरा पर्याय उरतच नाही.

धमनीतलं रक्त शिरेत जातं कुठून, हे मात्र हार्वेला दिसलं नाही. त्याच्याकडे तेवढं सूक्ष्मदर्शक नव्हतं. त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, 1661 मध्ये, इटलीच्या माल्पीगीने बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या आणि वर्तुळ जुळलं.

हार्वेचा एक प्रयोग घरी करता येतो आणि तो केल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. शिरा ठळक दिसणारा हात घ्या. मळ्यात राबणाऱ्याचा हात यासाठी एक नंबर. दंडावर, कोपराच्या चार बोटं वर, मोठा रुमाल किंवा जुन्या सुती साडीची पट्टी बांधा. इतपतच घट्ट, की खालच्या शिरा फुगतील पण मनगटावर नाडी लागत राहील. नाडी गेली तर पट्टी जास्त आवळली, थोडी ढिली करा. मूठ चार-पाच वेळा उघडझाप केली की शिरा टरारतात आणि त्यांच्यावर जागोजागी मुगाएवढ्या गाठी दिसतात. त्या झडपा. आता दोन गाठींमधला, मधे फाटा नसलेला सरळ तुकडा निवडा. एका बोटाने मनगटाकडचं टोक दाबून धरा. दुसऱ्या बोटाने तिथून कोपराच्या दिशेने शीर पुसत न्या, पुढची गाठ ओलांडा आणि हे दुसरं बोट उचला. गाठीच्या वरचा भाग लगेच भरतो, गाठीखालचा तुकडा चपटाच राहतो. वरचं रक्त बोटाने खाली ढकलून बघा, गाठीपाशी येऊन अडतं. मग मनगटाकडचं बोट सोडा: पापणी लवते न लवते तोच शीर खालून भरून येते. म्हणजे शिरेत रक्त एकाच दिशेने जातं, हृदयाकडे. दोन मिनिटांत पट्टी सोडून द्या. डायलिसिससाठी फिस्टुला केलेल्या किंवा सलाईन लावलेल्या हातावर हा प्रयोग करू नका.

यातली एक गोष्ट गाठीला बांधून ठेवा. पट्टीने शिरा फुगल्या, पण नाडी चालू राहिली. धमनीतला दाब 120, शिरेतला जेमतेम पाच-दहा. अर्धवट आवळलेली पट्टी परतीची वाट बंद करते, जाणारी वाट चालूच राहते. कोयता आणि साप, दोन्हींकडे जाताना हेच उपयोगी पडेल.

आता पूर्ण फेरा, झटपट. अंगभरचं रक्त दोन महाशिरांतून हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात येतं, त्याला अलिंद म्हणतात. तिथून झडप ओलांडून उजव्या खालच्या कप्प्यात, म्हणजे निलयात. निलय ते फुप्फुसांकडे ढकलतो. तिथे कार्बन डायऑक्साइड सोडून, ऑक्सिजन घेऊन ते सहसा चार शिरांनी डाव्या अलिंदात येतं, मग डाव्या निलयात, मग महाधमनीत. उजव्या बाजूचा वरचा दाब 25 च्या आसपास, डाव्या बाजूचा 120. म्हणून डाव्या निलयाची भिंत उजव्याच्या दुपटी-तिपटीने जाड असते. दाब वेगळा असला तरी दोन्ही बाजूंनी मिनिटाला टाकायचं रक्त मात्र सारखंच असावं लागतं. उजवी बाजू दर ठोक्याला फक्त एक मिलिलिटर जास्त टाकत राहिली, तर तासाभरात फुप्फुसात चार लिटर रक्त तुंबेल. प्रत्यक्षात तेवढं होण्याआधी शरीर सावरून घेतं. पण डावी बाजू थकलेल्या माणसाला रात्री आडवं पडलं की धाप लागते आणि दोन-तीन उश्या लागतात, त्यामागे ही तुंबणूकच असते.

‘धमनीत शुद्ध रक्त, शिरेत अशुद्ध’ हे वाक्य आता सोडून दिलेलं बरं. फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीतलं रक्त ऑक्सिजन कमी असलेलं आणि तिथून येणाऱ्या शिरांमधलं ऑक्सिजनने भरलेलं असतं. वाहून नेणारी ती धमनी, परत आणणारी ती शीर, एवढीच खूण धरावी. जुन्या पुस्तकांतल्या रोहिणी आणि नीला त्या याच. शिरेतल्या रक्तातही विश्रांतीच्या वेळी ऑक्सिजन सुमारे 75 टक्के शिल्लक असतो, त्यात घाण काही नसते. ते निळंही नसतं. सुईने काढलं तर गडद जांभळट लाल निघतं. निळेपणा त्वचेतून परतणाऱ्या उजेडाचा आहे. ‘खराब रक्त काढून टाकतो’ म्हणून कुणी जळवा किंवा तुंबड्या लावायचा आग्रह धरला, तर हे ध्यानात असू द्या.

कुठल्या अवयवाला किती रक्त, हे ठरवणाऱ्या नळ्या वेगळ्याच आहेत, आणि इथे ठिबकपेक्षा पांझरा-मोसमच्या खोऱ्यातली जुनी फड पद्धत जास्त जवळची वाटते. बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि आज कोणत्या फडाला, म्हणजे शेतांच्या गटाला, पाणी सोडायचं ते पाटकरी बघणार. शरीरातले पाटकरी म्हणजे धमन्यांची शेवटची बारीक टोकं, धमनिका. त्यांच्या भिंतीत गोलाकार स्नायू असतो, तो आवळला की दार अर्धं बंद. नळीचा व्यास निम्मा झाला की दाब तोच असताना प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. व्यास फक्त वीस टक्क्यांनी घटला तरी प्रवाह चाळीस टक्क्यांवर येतो. म्हणून स्नायूची बारीकशी हालचालही पुरते. विश्रांतीत पाच लिटरपैकी मूत्रपिंडांना सुमारे एक-पंचमांश जातं, आतडी आणि यकृत मिळून पाव हिस्सा, मेंदूला 15 टक्के, खुद्द हृदयाला चार-पाच टक्के. केळीचे घड खांद्यावर वाहताना हृदय तिप्पट-चौपट रक्त टाकतं आणि त्यातलं बहुतेक स्नायूंकडे वळतं. तेव्हा पोटाचं दार जवळजवळ बंद असतं. भरपेट शेवभाजी-भाकरी खाऊन लगेच ओझं उचललं की जड वाटतं ते त्यामुळे. मेंदूचा वाटा मात्र कुठल्याही पाळीत तोडत नाहीत.

केशवाहिन्यांत काय घडतं? महाधमनीत सेकंदाला वीस-तीस सेंटिमीटर धावणारं रक्त इथे सेकंदाला अर्धा मिलिमीटरही चालत नाही, कारण अब्जावधी केशवाहिन्यांची तोंडं एकत्र धरली तर रुंदी महाधमनीच्या कित्येक शेकडा पट होते. नदी पठारावर पसरली की संथ होते तसं. एका केशवाहिनीत रक्त एक-दोन सेकंद असतं, देवाणघेवाणीला तेवढा वेळ पुरतो. लाल पेशी सात-आठ मायक्रोमीटरची, आणि वाट कित्येकदा पाच-सहाची. पेशी दुमडून, घडी घालून पलीकडे जाते. पेशीला हे लवचीक असणं जमलं नाही तर काय होतं, ते सातपुड्याच्या पायथ्याला वेगळं सांगायला नको.

नंदुरबार-धुळ्याकडे, अक्कलकुवा-धडगावच्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. त्यात हिमोग्लोबिनच्या रचनेतला एक छोटा बदल आईबापांकडून आलेला असतो. ऑक्सिजन कमी झाला की पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते, केशवाहिनीच्या तोंडाशी अडकते, मागे रांग लागते आणि पुढचा भाग उपाशी राहतो. हाडात, पाठीत, छातीत असह्य दुखतं ते त्यामुळे. साधी लाल पेशी 120 दिवस जगते, ही दहा-वीस दिवस. म्हणून रक्त कायम कमी. पाणी कमी पिणं, थंडी, ताप आणि अति श्रम यांनी कळ उठते. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या अशा रुग्णाजवळ पाण्याची बाटली गोळ्यांइतकीच महत्त्वाची. नवरा-बायको दोघंही वाहक असतील, म्हणजे हा बदल एकाच पालकाकडून आलेले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक असते, तेव्हा लग्नाआधी दोघांची तपासणी व्हावी. सोल्युबिलिटी चाचणीत फक्त ‘आहे’ एवढं कळतं. वाहक की आजारी, ते ठरवायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. पहिल्या चाचणीचा कागद घेऊन लोक वर्षानुवर्षं फिरतात, तसं करू नये.

आता पायातलं रक्त वर चढतं कसं, याकडे. माणूस स्थिर उभा असला की हृदयापासून घोट्यापर्यंत सव्वा मीटर रक्ताचा स्तंभ उभा राहतो आणि घोट्याच्या शिरेत दाब 90 च्या घरात जातो. हृदयाचा धक्का केशवाहिन्या पार करेपर्यंत बराच विरलेला असतो, तो एकटा पुरा पडत नाही. दुसरी मोटर खालीच आहे: पोटरी. चालताना पोटरीचा स्नायू आकसतो, आतल्या खोल शिरा पिळल्या जातात, झडपांमुळे रक्ताला वरचीच वाट मोकळी असते. स्नायू ढिला पडला की खालून आणि वरवरच्या शिरांतून नवं रक्त आत येतं. आठ-दहा पावलांत घोट्यावरचा दाब 90 वरून 30 च्या आसपास उतरतो. वरच्या टप्प्यात श्वास मदत करतो. श्वास घेताना श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, खाली सरकून पोट दाबतं आणि छातीतला दाब उतरतो, त्यामुळे पोटातल्या महाशिरेतलं रक्त छातीत ओढलं जातं. एकूण रक्तापैकी जवळपास दोन-तृतीयांश कुठल्याही क्षणी शिरांमध्येच असतं. त्या नुसत्या नळ्या नाहीत, तळं आहे ते.

तुमच्या आईच्या पायांचं बहुधा इथेच आहे. चुलीपुढे खापरावर मांडे भाजणारी बाई तासन् तास एका जागी असते. कापूस वेचणारी बाई किमान चालते तरी. पोटरी चालली नाही, दाब 80-90 वरच राहिला, की केशवाहिन्यांतून पाणी बाहेर पाझरतं. एरवी पाझरलेलं दोन-चार लिटर पाणी लसिकावाहिन्या रोज परत आणून रक्तात ओततात, पण त्यांचीही मर्यादा आहे. नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरा. खळगा पडून राहिला तर पाणी साठलंय. सकाळी सूज उतरलेली आणि दोन्ही पाय सारखे, तर कारण बहुतेक शिरांचं असतं. सोबत धाप लागत असेल तर हृदय, सकाळी डोळ्यांखाली सूज असेल तर मूत्रपिंड, पोट फुगलेलं असेल तर यकृत तपासायला हवं. आणि एक कारण सारखं नजरेतून सुटतं: बीपीची अ‍ॅम्लोडिपिन ही गोळी. ती धमनिकांची दारं उघडते, त्यामुळे केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि घोटे सुजतात. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना विचारा, बदलता येते.

उपाय साधे, पण मापात करायचे. तासाला एकदा टाचा वर-खाली तीस वेळा. दिवसातून तीन-चार वेळा पंधरा-वीस मिनिटं आडवं पडून पाय हृदयाच्या पातळीच्या वर. खुर्चीत बसून स्टुलावर पाय ठेवणं त्यात मोजत नाहीत, कारण पाय तरी हृदयाच्या खालीच राहतात. दाबाचे मोजे डॉक्टरांनी सांगितले तर सकाळी खाटेवरून उतरायच्या आधी चढवायचे, सूज भरल्यावर चढवून उपयोग नाही. पायाच्या धमन्या अरुंद असतील, पाऊल गार पडत असेल, पावलावरची नाडी लागत नसेल, तर ते मोजे घातक ठरतात. विड्या ओढणाऱ्या आणि मधुमेह असलेल्या माणसात हे आधी बघून घ्यावं.

झडपा कायमच्या ढिल्या पडल्या की शिरा दोरखंडासारख्या वळतात. अशी शीर घोट्याजवळ फुटली तर रक्ताची चिळकांडी उडते, घरचे घाबरून गुडघ्याखाली कचकचून बांधतात आणि रक्त आणखी वाढतं. दंडावरची पट्टी आठवा: परतीची वाट बंद, मागून पुरवठा चालू. माणसाला आडवं करा, पाय वर उचला, फुटलेल्या जागेवर स्वच्छ कापड ठेवून तळहाताने दहा मिनिटं दाबा. बहुतेक वेळा एवढ्यानेच थांबतं.

एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, तर ते निराळं प्रकरण. शस्त्रक्रियेनंतर, बाळंतपणानंतर, हाडाला प्लास्टर असताना किंवा जळगावहून पुण्या-मुंबईला रात्रभर एका जागी बसून आल्यावर खोल शिरेत गुठळी होऊ शकते. ती सुटली तर महाशिरेतून, उजव्या हृदयातून थेट फुप्फुसात जाऊन अडकते, कारण पायापासून तिथपर्यंत नळी रुंदावतच जाते आणि पहिली अरुंद जागा तीच. असा पाय चोळायचा नाही, तेल लावून मालिश तर अजिबातच नाही. त्याच दिवशी डॉपलर सोनोग्राफी.

वडिलांची अंधारी. ‘डोयासमोर अंधारी येस’ असं ते म्हणत असतील, तर आधी विचारा की नेमकी कधी. उठल्या उठल्या येत असेल तर कारण असं: उभं राहताच अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाच्या आणि पायाच्या शिरांत उतरतं. मानेतल्या धमन्यांमध्ये दाब मोजणाऱ्या जागा आहेत, त्या दोन-चार सेकंदांत मेंदूला कळवतात, नाडी वाढते, शिरा आणि धमनिका आवळल्या जातात. उतारवयात, मधुमेहात हा निरोप उशिरा पोचतो. बीपीच्या, लघवी वाढवणाऱ्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्या त्यात भर टाकतात. तपासायची रीत: पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी घ्या, उभं करा, एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला तर निदान झालं. उभ्याने मोजताना हात लोंबकळत ठेवला तर आकडा फसवा येतो. हृदयाच्या पातळीखाली प्रत्येक दहा सेंटिमीटरला सात-आठ मिलिमीटर जास्त दिसतात. दंडावरचा पट्टा छातीच्या मध्याच्या रेषेत येईल असा हात टेकवून धरा.

खानदेशात या दुखण्याचा मोसम एप्रिल-मे. भुसावळ-जळगावला पारा 45 ला टेकतो तेव्हा अंग गार ठेवायला शरीर त्वचेचे सगळे फड उघडतं; एरवी त्वचेला मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास जाणारं रक्त कडक उन्हात सहा-सात लिटरपर्यंत जाऊ शकतं. वर घामाने तासाला लिटरभर पाणी कमी. तळं उतरलं, दारं सगळी उघडी, आणि हिवाळ्यात बसवलेली बीपीची गोळी तशीच चालू. उन्हाळा लागताना डॉक्टरांकडून मात्रा पाहून घ्यावी. घाम गेला असेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. हृदय कमजोर म्हणून ज्यांना पाणी मोजून सांगितलंय, त्यांनी हे विचारूनच घ्यावं. उठताना आधी पावलं वीस वेळा हलवायची, मिनिटभर खाटेच्या कडेला बसायचं, मग उभं राहायचं.

कुणी चक्कर येऊन पडलाच तर आपल्याकडे लगेच चार जण त्याला खांद्याला धरून बसवतात आणि नाकाशी कांदा धरतात. कांद्याने काही होत नाही, बसवण्याने मात्र नुकसान होतं. आडवं पडल्याने मेंदू हृदयाच्या पातळीला आलेला असतो, आपण त्याला पुन्हा वर उचलतो. पडू द्या, पाय हातभर वर धरा, गर्दी हटवा, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका. मिनिटा-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही, छातीत दुखत असेल किंवा तोंड वाकडं दिसत असेल तर 108.

उरलं बांधण्याचं. कोयत्याच्या जखमेवर सरळ दाब द्यायचा. स्वच्छ कापडाची घडी, त्यावर तळहाताचा जोर, दहा मिनिटं, आणि मधे उचलून बघायचं नाही. प्रत्येक वेळी उचललं की जमू लागलेली गुठळी निघते. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं. नाडीकडे लक्ष ठेवा. साठ किलोच्या माणसाचं अर्धा-पाऊण लिटर रक्त गेलं तरी बीपी बहुधा टिकून दिसतं, नाडी मात्र आधी पळू लागते. नाडी शंभराच्या वर, हातपाय गार, घाम आणि बेचैनी दिसली, की ‘बीपी तर नॉर्मल आहे’ यावर विसंबायचं नाही. दाबूनही थांबत नाही, धमनी कापली गेली आहे, उसळी मारून भडक लाल रक्त येतंय, अशा वेळी शेवटचा इलाज म्हणून जखमेच्या वर चार-पाच सेंटिमीटर रुंद पट्टी बांधावी. पण मग पूर्ण घट्ट, रक्त थांबेपर्यंत, आणि बांधल्याची वेळ लिहून. अर्धवट घट्ट बांधलं तर दंडावरच्या रुमालासारखंच होतं.

सापाला हा नियम लावू नका. घोणस आणि फुरसं यांचं विष बरंचसं लसिकेतून पसरतं, दोरीने ते थांबत नाही. उलट सुजलेल्या पायाचा रक्तपुरवठा तुटून मांस सडतं. नाग, मण्यार असला तरी दोरी बांधायची नाही. जखम कापायची नाही, चोखायची नाही, धुवायचीही गरज नाही. अंगठ्या, कडी, तोडे, जोडवी आधी काढा, नंतर सुजेत ती रुततात. मोडलेल्या हाडाला देतो तसा फळीचा आधार देऊन हात-पाय अचल ठेवा. रुग्णाला चालवू नका, पोटरीची मोटर चालू झाली की विष लवकर वर जातं. गाडी नसेल तर मोटरसायकलवर चालवणारा आणि धरणारा यांच्या मधे बसवून, प्रतिविष असलेल्या जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात. तिथे काचेच्या कोरड्या स्वच्छ नळीत दोनेक मिलिलिटर रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग कलंडवून बघतात. पातळच राहिलं तर घोणस किंवा फुरशाच्या विषाने गोठण्याची क्रिया मोडली आहे. नळी प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर निकाल चुकतो. घरच्यांनी आधीच दोरी आवळली असेल, तर ती वाटेत घाबरून सोडू नका. अडवलेलं विष एकदम वर जाऊ शकतं. दवाखान्यात सलाईन लागलेली आणि प्रतिविष हाताशी असताना डॉक्टरांसमोरच ती सुटली पाहिजे.